जन्म-मृत्यू दाखल्यांची रांग: खिडक्या वाढवाव्यात की हेलपाटे कमी करावेत?

नदीकाठ

वडिलांना जाऊन चार महिने झाले. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी मला पुण्यात आमच्या भागातल्या नोंदणी कार्यालयात चार खेपा घालाव्या लागल्या आणि प्रत्येक खेपेला जवळपास अर्धा दिवस रांगेत गेला. खिडकीमागच्या बाई सकाळपासून मान वर न करता काम करत होत्या, त्यांनी कोणावरही आवाज चढवला नाही, आणि चौथ्या खेपेस काम झाले तेव्हा ‘आणखी दोन प्रती आत्ताच घेऊन ठेवा, पेन्शनच्या कामाला लागतील’ असे त्यांनी आपणहून सांगितले. त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या आळसावर बोट ठेवून ही चर्चा संपवता येणार नाही, आणि ती तशी संपू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझ्या चार खेपा अशा झाल्या. वडील घरीच, पहाटे तीनच्या सुमारास गेले. आमच्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र दिले आणि अंत्यविधीचा पास काढायला माझा चुलतभाऊ धावला. त्या घाईत आणि त्या मनःस्थितीत त्याने वडिलांचे नाव घरात म्हणत तसे ‘दत्तोपंत’ असे लिहून दिले. आधार कार्डावर ‘दत्तात्रय’ होते आणि निवृत्तिवेतनाच्या पुस्तकावर ‘दत्तात्रेय’. तेराव्यानंतर मी जाऊन दाखला घेऊन आलो. तो ‘दत्तोपंत’ या नावाचा असल्यामुळे आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज बँकेने तिथल्या तिथे परत केला. दुसऱ्या खेपेस, अडीच तासांनी खिडकीशी पोहोचल्यावर, दुरुस्तीसाठी काय लागते ते कळले: माहिती देणाऱ्याचे निवेदन आणि वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींची निवेदने. तिसऱ्या खेपेस मी कागद नेले, पण मूळ माहिती देणारा चुलतभाऊ बरोबर नव्हता. चौथ्या खेपेस आम्ही दोघे गेलो आणि खिडकीवरचे काम दहा मिनिटांत आटोपले.

तिसऱ्या खेपेस माझ्या पुढे सात जण होते. वेळ जात नव्हता म्हणून त्यांच्याशी बोललो, तर सातांपैकी पाच जण दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा आलेले निघाले. एक मुलगी सहा महिन्यांचे बाळ कडेवर घेऊन उभी होती. बाळाची नोंद झाली होती, पण दाखल्यावर नावाची जागा कोरी होती. तिच्या मागच्या गृहस्थांच्या मुलाचा जन्म बार्शीला, आजोळी झालेला होता. दोन तास उभे राहिल्यावर त्यांना ‘तुमची नोंद बार्शीलाच मिळेल’ असे सांगण्यात आले. ते वाक्य दाराशीच कोणी सांगितले असते तर त्यांची सुट्टी वाया गेली नसती आणि त्यांच्या मागची सगळी माणसे एक पाऊल पुढे सरकली असती.

घरी आल्यापासून माझ्या मनात हेच घोळते आहे. रांग दिसली की आपण ‘खिडक्या वाढवा, माणसे वाढवा’ म्हणतो. माणसे वाढवायला हवीतच, यात शंका नाही. पण रांगेतली इतकी माणसे जर अर्धवट राहिलेल्या जुन्या कामासाठी उभी असतील, तर त्यांना पुन्हा का यावे लागते हे आधी शोधायला नको का? या विषयाची आतून माहिती असणाऱ्यांनी कृपया लिहावे. चर्चेतून काही ठोस निघाले तर त्याचे निवेदन करून आमच्या क्षेत्रीय कार्यालयात देण्याची माझी तयारी आहे.

आकडेमोड

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. रांगांचे एक वेगळे गणित आहे. त्याचा पाया ए. के. अर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी काम करताना घातला. तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या गणितात सापडते, आणि ते बहुतेकांच्या अंदाजापेक्षा फार वेगळे आहे.

समजा, एक खिडकी आहे आणि एका माणसाचे काम सरासरी सहा मिनिटांत होते, म्हणजे तासाला १० जणांचे काम होऊ शकते. माणसे मात्र ठरावीक अंतराने येत नाहीत आणि प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळही सारखा नसतो. अशा खिडकीवर तासाला सरासरी ९ माणसे येत असतील, तर खिडकीची क्षमता पुरेशी असूनही प्रत्येकाला सरासरी ५४ मिनिटे ताटकळावे लागते. तासाला ८ माणसे आली तर हाच काळ २४ मिनिटांवर येतो आणि ७ आली तर १४ मिनिटांवर. दर नऊ माणसांमागे फक्त दोघांची फेरी वाचवली, तर उरलेल्या सातांचे थांबणे जवळपास चौथाईवर येते. खिडकी तीच, कर्मचारी तोच, कामाचा वेगही तोच. नदीकाठ यांना जे अनुभवातून जाणवले त्याला गणिताचा पूर्ण आधार आहे.

दुसरी गोष्ट खिडक्यांपुढच्या रांगांची. दोन खिडक्यांपुढे दोन स्वतंत्र रांगा असतील, प्रत्येकीत तासाला ९ माणसे येत असतील आणि रांग बदलता येत नसेल, तर दोन्हीकडे ५४ मिनिटेच थांबावे लागेल. तीच १८ माणसे एका सामाईक रांगेत उभी करून जी खिडकी मोकळी होईल तिकडे पुढच्याला पाठवले, तर थांबण्याचा काळ सुमारे २६ मिनिटांवर येतो. एखाद्याचे प्रकरण अडकले तरी त्याच्या मागची माणसे त्याच्यासोबत अडकून पडत नाहीत. यासाठी एक दोरी आणि जमिनीवर रंगवलेली एक रेघ यांपलीकडे खर्च नाही.

हे आकडे दीर्घकाळच्या सरासरीचे आहेत हे लक्षात ठेवावे. कार्यालय उघडण्याआधीच ४० माणसे दाराशी उभी असतील, तर चाळिसाव्या माणसाला तासाला दहाच्या हिशेबाने जवळपास चार तास लागणारच. तिथे कोणतेही सूत्र मदतीला येत नाही. शनिवार-रविवारची सुट्टी संपल्यावर येणाऱ्या सोमवारी हेच होते. त्यावर उपाय एकच, येण्याच्या वेळा विभागून देणे.

खराडीकर

सगळे ऑनलाइन करून टाकावे, म्हणजे रांगेचा प्रश्नच उरणार नाही. पारपत्राचे काम आपण घरबसल्या वेळ ठरवून मुंढव्याच्या केंद्रात जाऊन करतोच ना? तिथे आधी कागद तपासतात, मग पुढच्या टेबलावर पाठवतात. दाखल्यांसाठी तशी व्यवस्था का होऊ शकत नाही, हे मला खरोखर समजत नाही.

जुनी नोंदवही

मी पुणे जिल्ह्याबाहेरच्या एका नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर एकोणीस वर्षे काम केले आणि आता निवृत्तीनंतर सिंहगड रस्त्याला राहतो. खराडीकर यांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण तो रास्त आहे.

नव्या नोंदी केंद्र सरकारच्या नागरी नोंदणी प्रणालीवर, म्हणजे सीआरएसवर होतात आणि तिथून निघणाऱ्या दाखल्यावर क्यूआर कोड असतो. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये २०२३ साली झालेली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि त्या दुरुस्तीने दाखला इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देण्याची सोय कायद्यातच आणली. म्हणजे आज जन्मलेल्या बाळाच्या आईवडिलांना खिडकीशी येण्याचे कारण उरू नये. तरीही ते येतात, कारण मूळ माहितीच चुकीची किंवा अपुरी गेलेली असते. ऑनलाइन अर्जात चुकीचे नाव भरले तर चूक फक्त लवकर पोहोचते.

आता खिडकीच्या आतून काय दिसते ते सांगतो. एका मागून एक येणारी माणसे आम्हाला सारखी दिसत नाहीत. एकाला दोन वर्षांपूर्वीच्या दाखल्याची प्रत हवी असते. ते दोन मिनिटांचे काम. त्याच्या मागच्याला आजोबांच्या जन्माची नोंद हवी असते, आणि त्याला वर्षही नक्की ठाऊक नसते. जात पडताळणीसाठी जुने पुरावे लागतात. प्रवर्गाप्रमाणे १० ऑगस्ट १९५०, २१ नोव्हेंबर १९६१ किंवा १३ ऑक्टोबर १९६७ या दिवसापूर्वीचे कागद मागितले जातात, त्यामुळे लोक जुन्या नोंदवह्यांकडे वळतात. खेड्यांत गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात नोंदी असत. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाल्यावर कुणबी नोंदींसाठी या जुन्या दप्तराची मागणी आणखी वाढली.

असे दप्तर उघडणे म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा सोडायचा, नोंदवही दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आडवी ठेवायची, कारण एका हाताने उचलली तर पाठीची शिवण सुटते. पान उलटताना कोपरा हातात येतो, म्हणून पानाखाली पुठ्ठा सरकवून ते उलटायचे. शाई फिकी झालेली असते, बाळाच्या नावाच्या जागी बहुतेक वेळा ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते, आणि बापाच्या नावावरून, गावावरून, तारखेवरून ओळख पटवावी लागते. हे काम अर्ध्या तासाच्या आत नीट होत नाही, आणि घाईने केले तर एखाद्या मुलाच्या प्रवेशावर त्याचा परिणाम होतो. असे काम आणि दोन मिनिटांचे काम एकाच रांगेत ठेवणे दोघांवरही अन्याय करणारे आहे. जुन्या नोंदींचा लेखी अर्ज घेऊन पोच द्यावी, शोध दुपारी खिडकी बंद झाल्यावर घ्यावा आणि नोंद सापडली की फोन करून बोलवावे. आमच्याकडे शेवटची चार वर्षे आम्ही असेच करत होतो आणि सकाळची रांग डोळ्यांदेखत ओसरली.

तिसरे कारण हद्दीचे. जन्म किंवा मृत्यू जेथे घडला तेथील निबंधकाकडेच त्याची नोंद होते. राहण्याच्या पत्त्याशी तिचा संबंध नसतो. पुण्यात एका नागरिकाला हे समजणे किती अवघड आहे पाहा: पुणे महानगरपालिका वेगळी, पिंपरी-चिंचवड वेगळी, पुणे, खडकी आणि देहूरोड ही कटक मंडळे (कँटोन्मेंट) वेगळी, भोवतालच्या ग्रामपंचायती वेगळ्या. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे पुणे महापालिकेत आली. वाघोली किंवा मांजरी बुद्रुक येथे २०१५ साली घरी जन्मलेल्या मुलाची नोंद त्या वेळच्या ग्रामपंचायतीत झालेली असणार, आणि त्याचा बाप आज महापालिकेच्या खिडकीशी उभा असतो. शिवाय आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत अजून टिकून आहे. सोलापूर, सातारा, नांदेड येथे जन्मलेली मुले पुण्यात वाढतात आणि शाळेच्या प्रवेशाच्या वेळी त्यांचे पालक पुण्यातल्या रांगेत उभे राहतात.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की दाराशी एक टेबल टाकावे आणि तिथे कार्यालयातला सर्वांत अनुभवी माणूस बसवावा, सर्वांत नवखा नव्हे. त्याने प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारावेत: घटना कोठे घडली, केव्हा घडली, आणि आज काय हवे आहे. ज्याचे काम येथे नाही त्याला योग्य कार्यालयाचे नाव चिठ्ठीवर लिहून द्यावे, ज्याचे कागद अपुरे आहेत त्याला काय कमी आहे ते लिहून द्यावे. तोंडी सांगितलेले माणूस रस्त्यात विसरतो. नदीकाठ यांच्या दुसऱ्या खेपेस ‘माहिती देणाऱ्याने समक्ष यावे’ हे जर चिठ्ठीवर असते, तर तिसरी खेप झालीच नसती.

सूतिका

मी उपनगरातल्या एका मध्यम आकाराच्या प्रसूतिगृहात स्वागतकक्ष आणि नोंदींचे काम पाहते. वरील प्रतिसाद वाचून मला लिहावेसे वाटले, कारण यातल्या बऱ्याच हेलपाट्यांचा उगम आमच्या टेबलावर होतो हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

रुग्णालयात जन्म झाला की माहिती कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते आणि त्यासाठी २१ दिवसांची मुदत असते. आमच्याकडे आई तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी जाते. फॉर्म भरला जातो तो बहुतेक वेळा बिल चुकते करण्याच्या गडबडीत, आणि भरणारा असतो बाळाचा बाप, मामा किंवा आजोबा. आईचे नाव माहेरचे लिहायचे की सासरचे, याचा निर्णय बाळाचे मामा उभ्या उभ्या घेतात. इंग्रजी स्पेलिंग आम्ही आमच्या अंदाजाने टाकतो. पुढे आधार कार्डावरच्या स्पेलिंगशी ते जुळत नाही, आणि मग दुरुस्ती.

बाळाच्या नावाचे तर मला फार वाईट वाटते. आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी करतात, आणि मुदत २१ दिवसांची आहे. म्हणजे बारशापर्यंत थांबून नावासकट माहिती पाठवली तरी ती मुदतीत बसते. तरीही पुष्कळ ठिकाणी, आमच्याकडेही, टेबल मोकळे करायचे म्हणून पहिल्याच आठवड्यात माहिती पाठवून दिली जाते, नावाची जागा कोरी ठेवून. त्यानंतर नाव घालण्यासाठी आईवडिलांना वेगळी फेरी मारावी लागते. नाव पहिल्या १२ महिन्यांत विनाशुल्क आणि पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते, हे खरे, पण ती फेरी मुळात लागायलाच नको होती. ज्यांच्याकडे बारसे सव्वा महिन्याने होते त्यांच्यासाठी हा उपाय चालणार नाही. बाकीच्यांसाठी नक्की चालेल.

मी आमच्या डॉक्टरबाईंशी बोलणार आहे. घरी सोडताना भरलेल्या फॉर्मची प्रत आईच्या हातात द्यायची, तिच्याकडूनच वाचून घ्यायची आणि नाव ठरले की बाराव्या-तेराव्या दिवशी फोनवर कळवायला सांगायचे, असा माझा विचार आहे.

आकडेमोड

सूतिका ताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा आहे. रांग ज्या ठिकाणी उगम पावते तिथेच ती अडवणे हे खिडकीवरच्या कोणत्याही सुधारणेपेक्षा स्वस्त पडते.

वस्तीताई

मी येरवड्याकडच्या वस्त्यांमध्ये गेली काही वर्षे कागदपत्रांच्या कामात बायकांना मदत करते. ऑनलाइन आणि आगाऊ वेळ ठरवणे या दोन्ही गोष्टींना माझा विरोध नाही, पण त्या एकमेव वाटा झाल्या तर काय होते ते मी पाहिले आहे, म्हणून लिहिते.

धुणीभांडी करणाऱ्या बाईसाठी कार्यालयात जाणे म्हणजे एक खाडा. दोन खाडे झाले की पगार कापला जातो, तीन झाले की काम सुटण्याची भीती असते. तिच्याकडे जो मोबाइल असतो तो पुष्कळदा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असतो, आणि ओटीपी आला तेव्हा मुलगा शाळेत असतो. मग ती बाहेर टपरीवर बसलेल्या माणसाला पैसे देऊन वेळ ठरवून घेते. ज्या वेळा सर्वांसाठी विनामूल्य आहेत त्या अशा रीतीने विकत घ्याव्या लागतात. त्यामुळे आगाऊ ठरवलेल्या वेळा निम्म्या असाव्यात आणि निम्म्या त्या दिवशी थेट येणाऱ्यांसाठी राखाव्यात, यावर मी ठाम आहे.

टोकनाबद्दलही एक सांगते. मी ज्या एका कार्यालयात जाते तिथे टोकन पद्धत सुरू झाली तेव्हा आम्हाला आनंद झाला. पण टोकने मर्यादित असल्याने ती मिळवण्यासाठी लोक सकाळी सात वाजल्यापासून उभे राहू लागले. रांग होती ती फक्त तीन तास अलीकडे सरकली. टोकनावर नुसता क्रमांक न देता ‘साडेअकरा ते बारा’ अशी वेळ लिहून दिली, तर बाई एका घरचे काम उरकून येऊ शकते. कागदाचा तोच चिटोरा, पण त्यावर वेळ लिहिली की तिचा खाडा वाचतो.

आणि कृपया बसायला बाकडी, पिण्याचे पाणी आणि ओल्या बाळंतिणीला टेकायला एक आडोसा, एवढे तरी असावे. रांग कमी व्हायला वेळ लागेल. तोवर उभ्या असलेल्यांकडे पाहायला काहीच हरकत नाही.

खराडीकर

वस्तीताईंचे म्हणणे पटले. माझा ‘सगळे ऑनलाइन’ हा आग्रह मी मागे घेतो. निम्म्या वेळा राखून ठेवण्याची सूचना निवेदनात असावी.

कलम

वकिली करते, म्हणून कायद्यातल्या काही गोष्टी थोडक्यात मांडते. त्या माहीत असतील तर काही फेऱ्या नागरिकाच्या बाजूनेही वाचू शकतात.

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर कलम १२ प्रमाणे, नोंदणी पूर्ण झाल्यावर माहिती देणाऱ्याला पहिला दाखला विनाशुल्क आणि सात दिवसांच्या आत मिळाला पाहिजे. नोंदीतल्या चुकीची दुरुस्ती कलम १५ खाली होते. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्तीची नोंद करतात. म्हणून त्यासाठी पुरावे मागितले जातात आणि ते मागणे योग्यच आहे. नावे सहज बदलता येऊ लागली तर वारसाहक्काचे किती तंटे उभे राहतील याचा विचार करावा. निबंधकाचा एखादा आदेश मान्य नसेल तर कलम २५अ प्रमाणे ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येते. याशिवाय महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहेच. त्याखाली अधिसूचित सेवा, तिची मुदत, शुल्क आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम कार्यालयात ठळकपणे लावणे बंधनकारक आहे.

येत्या काही वर्षांत या खिडक्यांवरचा भार वाढणार आहे, याकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखला हाच शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, आधार, विवाह नोंदणी आणि सरकारी नोकरी या कामांसाठी जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरणार आहे. पूर्वी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निभावून जात असे. या मुलांचे तसे निभावणार नाही. ती लवकरच बालवाडीच्या वयाची होतील आणि ज्यांच्या दाखल्यांत चुका आहेत ते सगळे पालक एकाच हंगामात दुरुस्तीसाठी येतील. आज प्रसूतिगृहात वाचवलेली प्रत्येक चूक त्या हंगामातला एक माणूस कमी करील.

बँका, विमा कंपन्या आणि गृहनिर्माण संस्था मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रत ठेवून घेतात, त्यामुळे एकाच घरातली माणसे प्रतींसाठी पुन्हा पुन्हा येतात, हाही या रांगेचा एक मोठा भाग आहे. क्यूआर कोड असलेला दाखला तिथल्या तिथे पडताळता येतो. मूळ प्रत पाहून, झेरॉक्सवर शेरा मारून ती परत करावी असा आग्रह आपण धरला पाहिजे.

नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात मी निवेदनाचा मसुदा केला आणि जुनी नोंदवही काकांनी त्यावर तांबड्या शाईने हात फिरवून दिला. दाराशी अनुभवी कर्मचाऱ्याचे तपासणी टेबल आणि लेखी चिठ्ठी, सर्व खिडक्यांसाठी एकच सामाईक रांग, वेळ लिहिलेली टोकने व त्यांतली निम्मी थेट येणाऱ्यांसाठी, जुन्या नोंदींचे अर्ज वेगळे घेऊन शोध दुपारी, आणि कार्यक्षेत्रातल्या प्रसूतिगृहांना बारशानंतर नावासह माहिती पाठवण्याची विनंती, एवढेच त्यात ठेवले आहे. अंत्यविधीच्या पासाबाबत मी एक ओळ माझ्याकडून घातली: फॉर्म भरणाऱ्याकडे मृताचे आधार कार्ड मागून नाव त्यावरून उतरवावे, घरच्यांच्या तोंडून ऐकून नव्हे. त्या पहाटे माझ्या चुलतभावाला हे एक वाक्य कोणी म्हटले असते तर आईचे निवृत्तिवेतन तीन महिने आधी सुरू झाले असते.

एका मुद्द्यावर आमचे एकमत झाले नाही. काकांच्या मते जुन्या नोंदींसाठी आठवड्यातले दोनच दिवस ठरवावेत. वस्तीताईंच्या मते लांबच्या गावाहून येणाऱ्याला ते दिवस माहीत नसतात आणि त्याला परत पाठवणे क्रूरपणाचे होईल. मी दोन्ही मते मसुद्यात तशीच लिहिली आहेत, निर्णय अधिकाऱ्यांनी घ्यावा.

निवेदन सोमवारी दिले आणि पोच घेतली. अधिकाऱ्यांनी वीस मिनिटे बसवून ऐकून घेतले. कर्मचारी संख्या मंजूर पदांवर अवलंबून असल्याने ती त्यांच्या हातात नाही, पण सामाईक रांग आणि दाराशी टेबल हे महिनाभर करून पाहू, असे ते म्हणाले. आकडेमोड सरांनी महिन्याआधी आणि महिन्यानंतर एकेक आठवडा थांबण्याचे काळ मोजून देण्याचे कबूल केले आहे. त्यांच्यासोबत सकाळी दहा ते एक बाकड्यावर बसून टिपण ठेवायला कोणाला येता येईल त्यांनी येथे कळवावे. घड्याळ आणि वही एवढेच लागेल.

वस्तीताई

मंगळवार आणि गुरुवार मी येईन.

सूतिका

आमच्या डॉक्टरबाईंनी परवानगी दिली. काल पहिल्यांदा एका आईला घरी सोडताना भरलेला फॉर्म तिच्या हातात दिला. तिची सासू, नवरा आणि भाऊ तिघेही शेजारी उभे होते आणि रिक्षा खाली थांबलेली होती. तिने बाळाला दुसऱ्या हातावर घेतले, बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि आपल्या नावापाशी थांबली. ‘हे माझं आधार कार्डावरचं नाव नाही,’ ती म्हणाली, ‘लग्नानंतर मी नाव बदललेलंच नाही.’ भावाने फॉर्म भरला होता आणि त्याने सासरचे नाव घातले होते. मी तिथेच दुसरा फॉर्म काढला आणि या वेळी तिला विचारून भरला. सगळे मिळून सात-आठ मिनिटे लागली, रिक्षावाला थांबला.

बारसे येत्या रविवारी आहे. बाळाचे नाव सोमवारी फोन करून कळवते, असे तिने सांगितले आहे, आणि तोपर्यंत तो फॉर्म मी माझ्या खणात वेगळा ठेवला आहे.